नसेत शिरलेला कॅन्सर आणि कॅन्सरात शिरलेली नस

प्रश्न एका मुलाचा आहे. वडील ५८ वर्षांचे, तीस वर्षं तंबाखू-चुन्याची सवय. जिभेच्या डाव्या कडेच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झालेत. काढलेल्या भागाच्या कडा मोकळ्या आल्या, मानेतल्या गाठी निगेटिव्ह आल्या, घरात जरा हायसं वाटलं. पण अंतिम रिपोर्टमध्ये खाली एक ओळ आहे : ‘पेरिन्यूरल इन्व्हेजन – प्रेझेंट’. मुलगा विचारतो, म्हणजे नसेतून हा कॅन्सर मेंदूत चढेल का? आणि दुसरं, आत्या म्हणते तसं जमिनीच्या वादाच्या टेन्शनने हे झालं का?

दोन्हीची उत्तरं आधी देतो, नाहीतर पुढचं काही डोक्यात शिरायचं नाही. जिभेच्या नेहमीच्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये बारीक नसेभोवती कॅन्सरच्या पेशी सापडल्या म्हणून तो चढत चढत मेंदूत जाणं ही विरळा गोष्ट आहे. त्या ओळीचा रोजच्या व्यवहारातला अर्थ असा की आजार तोंडात किंवा मानेत परत येण्याची शक्यता काही प्रमाणात वाढते, आणि म्हणून तुमचे डॉक्टर बहुधा लाईट, म्हणजे रेडिएशन, घ्यायला सांगतील. टेन्शनने कॅन्सर झाला नाही. तंबाखूने झाला. आत्याला हे सांगायला जड जात असेल तर माझं नाव सांगा.

आता सविस्तर. गेली पंचवीस वर्षं मी तोंडाच्या आणि मानेच्या कॅन्सरची ऑपरेशनं करतोय. मी शिकत होतो तेव्हा नस ही आमच्या लेखी एक तर वाचवायची वस्तू होती, नाहीतर नाइलाजाने कापायची. कॅन्सर वाढवण्यात तिचाही हात असेल हे कुणी शिकवलं नव्हतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हे चित्र इतकं पालटलंय की ‘कॅन्सर न्यूरोसायन्स’ नावाची शाखाच उभी राहिली.

पण आधी ‘नस’ या शब्दाचा गोंधळ मिटवू. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो, पोटरीत गोळा आला तरी ‘नस चढली’ म्हणतो, आणि कमरेत मणक्याजवळ दबते तीही नसच. त्यामुळे ‘नसेत कॅन्सर गेला’ म्हटलं की नातेवाइकांना वाटतं, गेला रक्तात, आता अंगभर पसरला. रिपोर्टमधली ही नस म्हणजे मज्जातंतू. रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्यांची ओळ वेगळी असते, ‘लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन’ अशी. तुमच्या रिपोर्टमध्ये ती बहुतेक जवळपासच असेल. तिथे ‘नॉट सीन’ लिहिलं असेल तर तेही वाचा. वाईट ओळ दहा वेळा वाचायची आणि चांगली एकदाही नाही, असं सगळ्यांचं होतं.

मायक्रोस्कोपखाली हे कसं दिसतं ते सांगतो, कारण एकदा पाहिलं की शब्दाची भीती कमी होते. नस आडवी कापली की इलेक्ट्रिकच्या केबलसारखी दिसते : आत बारीक तंतूंच्या जुड्या, प्रत्येक जुडीला वेष्टण, सगळ्यांवर मिळून आणखी एक वेष्टण. निरोगी नस फिकट गुलाबी, लाटालाटांची. पेरिन्यूरल इन्व्हेजनमध्ये त्या गुलाबी गोलाभोवती गडद जांभळ्या पेशींचं कडं दिसतं, बांगडीसारखं. कधी पूर्ण, कधी अर्धवट. नसेच्या परिघाचा निदान एक तृतीयांश भाग पेशींनी वेढलेला असावा, किंवा पेशी वेष्टणाच्या आत असाव्यात, असा साधारण संकेत आहे. नस ही केसाएवढी बारीक असू शकते, किंवा जिभेला संवेदना पुरवणाऱ्या लिंग्वल नसेसारखी ठसठशीत, नाव असलेली. बारीक नसेतलं एखादं ठिकाण आणि नावाच्या नसेत लांबवर शिरलेला आजार, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. कागदावर मात्र दोन्हीकडे ‘प्रेझेंट’ हाच शब्द येतो. म्हणून डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न हा : किती ठिकाणी, आणि केवढ्या नसेभोवती?

पूर्वी आम्हाला सांगत की नसेभोवती जागा सैल असते, म्हणून कॅन्सर तिकडे सरकतो, उताराला लागलेल्या पाण्यासारखा. ऐकायला बरं वाटतं, पण नसेची वेष्टणं सैल नसतात, चांगली चिवट असतात. पेशी तिथे जातात त्या बोलावणं असतं म्हणून. नस काही रसायनं सोडते, त्यातल्या एकाचं नाव जीडीएनएफ, आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशी त्या वासावर सरळ नसेकडे चालत जाताना प्रयोगशाळेत दिसल्या आहेत. नसेच्या तंतूंना गुंडाळून बसणाऱ्या ‘श्वान’ (हे एका शास्त्रज्ञाचं नाव) पेशी तर आणखी पुढे जातात. नस तुटली की तिला पुन्हा वाट दाखवायचं काम याच पेशींचं. कॅन्सरच्या सान्निध्यात त्या तशाच दुरुस्तीच्या कामाला लागतात, कॅन्सरच्या गठ्ठ्यात शिरून एकेक पेशी सुटी करतात आणि वाटेला लावतात. अंगातली दुरुस्तीची यंत्रणाच इथे शत्रूच्या कामी येते.

उलट दिशाही आहे, कॅन्सरही नसांना बोलावतो. याचा इतिहास मला फार आवडतो. १९४८ साली एल्मर ब्यूकर या शास्त्रज्ञाने उंदराच्या सार्कोमाचा, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरच्या गाठीचा, तुकडा कोंबडीच्या भ्रूणात बसवला, तर भ्रूणाच्या नसा त्या गाठीत धावत शिरल्या. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी हे पाहिलं आणि १९५२ मध्ये गाठ असलेले उंदीर विमानातून सोबत घेऊन त्या रिओ दि जानेरोतल्या एका प्रयोगशाळेत गेल्या. काचेवर गाठीच्या तुकड्याशेजारी नसेच्या पेशींचा पुंजका ठेवला, आणि दिवसभरात त्यातून तंतूंचा झुबका फुटला, सूर्याची किरणं काढतात तसा. त्यातूनच ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’ सापडला आणि १९८६ चं नोबेल त्यांना स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत मिळालं. म्हणजे नसा वाढवणाऱ्या द्रव्याचा शोध मुळात कॅन्सरच्या गाठीमुळे लागला. तरीही ‘मग त्या नसा गाठीत करतात तरी काय’ हा प्रश्न कॅन्सरवाल्यांनी गांभीर्याने घ्यायला पुढे अर्धं शतक गेलं.

उत्तरं आता येताहेत. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या क्लेअर मान्यों आणि पॉल फ्रेनेट यांनी उंदरांमधल्या प्रोस्टेटच्या कॅन्सरवर दाखवलं की सिंपथेटिक नसा तोडल्या तर गाठ सुरुवातीला नीट रुजतच नाही, आणि पॅरासिंपथेटिक नसांचा संदेश थोपवला तर ती पसरायला अडते. ‘पळा किंवा लढा’ म्हणणाऱ्या नसा पेरणी करतात आणि ‘खा, विश्रांती घ्या’ म्हणणाऱ्या पुढच्या प्रवासाला मदत करतात, असं काहीसं. २०१४ मध्ये जठराच्या कॅन्सरबाबत तसंच दिसलं : उंदरांची व्हेगस, म्हणजे मेंदूतून जठराकडे जाणारी, नस कापली, किंवा जठरात बोटॉक्स टोचून तिचा आवाज बंद केला, तर गाठी कमी झाल्या. आमच्या गुरुजनांच्या पिढीने अल्सरसाठी व्हेगस कापण्याची ऑपरेशनं ढिगाने केली. पुढे चांगल्या गोळ्या आल्या आणि ते ऑपरेशन इतिहासजमा झालं. तीच नस आता दुसऱ्या दाराने परत आली.

तुमच्या वडिलांच्या आजाराशी थेट संबंध असलेलं काम २०२० चं आहे, ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधलं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये पी५३ हा जनुक वारंवार बिघडलेला असतो. तो बिघडला की गाठ आपल्या आसपासच्या संवेदना वाहणाऱ्या नसांचं रूपच पालटून टाकते. चव-वेदना सांगणाऱ्या नसा अ‍ॅड्रिनॅलिनच्या कुळातलं रसायन सोडणाऱ्या होऊन बसतात, आणि ते रसायन गाठीला खत घालतं. रुग्णांच्या नमुन्यांतही ज्यांच्यात अशा नसा जास्त होत्या त्यांचा आजार जास्त वाईट वागला. उंदरांमध्ये ते रसायन औषधाने अडवलं तर गाठ मंदावली. दोन वर्षांनी मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरबद्दल आणखी एक गोष्ट कळली : वेदनेच्या नसा सीजीआरपी नावाचं द्रव्य सोडून रोगप्रतिकारक टी-पेशींना थकवतात. म्हणजे दुखणारी नस एकीकडे धोक्याची घंटा वाजवते आणि दुसरीकडे पहारेकऱ्याला झोप आणते. हे सीजीआरपी अडवणारी औषधं मायग्रेनसाठी आधीच बाजारात आहेत, त्यामुळे यावर बऱ्याच जणांचे डोळे आहेत. पण डोळे असणं वेगळं आणि चिठ्ठीवर लिहिणं वेगळं.

मेंदूतल्या गाठींचं विज्ञान मी दुरून पाहतो, ते माझं क्षेत्र नाही. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्टॅनफर्डच्या मिशेल मॉन्जे यांनी २०१५ मध्ये दाखवलं की मेंदूच्या पेशी जितक्या सक्रिय, तितकी शेजारची ग्लायोमाची, म्हणजे मेंदूतल्या कॅन्सरची, गाठ जोमाने वाढते. २०१९ मध्ये त्यांच्या आणि जर्मनीतल्या हायडलबर्गच्या फ्रँक विंकलर वगैरेंच्या गटांनी त्याहून चक्रावणारं काही दाखवलं : चेतापेशी गाठीच्या पेशींशी चक्क सायनॅप्स, म्हणजे संदेश देणारा सांधा, जोडतात, दोन चेतापेशी एकमेकींना जोडतात तसाच. गाठ मेंदूच्या वायरिंगमध्ये आकडा टाकून बसते म्हणा ना! २०२१ चा उंदरांवरचा प्रयोग तर कुणालाही सांगता येईल असा आहे. एका जनुकीय दोषामुळे डोळ्यांच्या नसेवर ज्यांना गाठ व्हायची, ते उंदीर ठरावीक काळ अंधारात ठेवले आणि त्यांना ती गाठ झालीच नाही. डोळ्यांत उजेड नाही, नसेत संदेश नाही, गाठीला खाद्य नाही. मॉन्जे आणि विंकलर यांना २०२५ चं ब्रेन प्राइझ मिळालं ते याच कामासाठी. फिटवरच्या जुन्या औषधांची या गाठींवर चाचणी चालू आहे ती या समजुतीतून.

परत तुमच्या वडिलांकडे येतो. मेंदूची वाट अजिबात नसते असं नाही. लाळग्रंथींच्या कॅन्सरचा एक प्रकार आहे, अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा, तो नसेला धरून कवटीच्या तळापर्यंत इंचाइंचाने चढू शकतो, वर्षानुवर्षं घेत. त्या रुग्णांचे एमआरआय आम्ही नसेची वाट धरून वरपर्यंत बघतो. जिभेच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये नावाची मोठी नस गुंतलेली असेल तरच ही काळजी खरी.

वडिलांना ऑपरेशनआधी डावा कान दुखत होता का? मला बहुतेक वेळा ‘हो’ असं उत्तर मिळतं. जिभेची लिंग्वल नस आणि कानासमोरची नस एकाच मोठ्या फांदीच्या, मँडिब्युलर नसेच्या. जिभेवरची कळ मेंदूला कानातली वाटते. माझ्याकडे एक शेतकरी आले होते, चार महिने कानाच्या थेंबांवर होते, त्याआधी घरी कानात तेल सोडून झालं होतं. कानाचा पडदा आरशासारखा स्वच्छ. जीभ बाहेर काढायला सांगितली, गॉजमध्ये धरून बाजूला ओढली, तर मागच्या कडेला, दाढेच्या आड, हरभऱ्याएवढा कडक व्रण. कुणी जीभ ओढून पाहिलीच नव्हती. तंबाखू खाणाऱ्या माणसाचा कान दुखतो आणि कानात काही सापडत नाही, तर जिभेच्या कडा आणि घशाचा मागचा भाग बघितल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये.

रेडिएशनबद्दल. ऑपरेशननंतरचा नेहमीचा कोर्स ६० ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), साधारण ३० बैठका, सहा आठवडे, शनिवार-रविवार सुट्टी. तो ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा असा प्रयत्न असतो. तुमचे बारा दिवस गेलेत, तेव्हा दात दाखवण्याचं काम याच आठवड्यात उरका. किडलेले दात आधी काढावे लागतात, आणि ती जखम भरायला दोनेक आठवडे जातात. यातच सगळ्यांचं वेळापत्रक कोलमडतं. नुसतं पेरिन्यूरल इन्व्हेजन असेल आणि कडा-गाठी स्वच्छ असतील, तर रेडिएशनसोबत केमो सहसा लागत नाही. गाठ लहान आणि उथळ असून एकाच बारीक नसेभोवती पेशी असतील, तर रेडिएशन द्यावं की नुसतं लक्ष ठेवावं यावर जाणकारांतही दोन मतं आहेत. माझा कल देण्याकडे असतो, विशेषतः तंबाखू सुटेल याची खात्री नसते तेव्हा.

आता आत्या. अ‍ॅड्रिनॅलिन गाठीला खतपाणी घालतं असं मीच वर लिहिलं, मग टेन्शनचा संबंध कसा नाही? प्रश्न रास्त आहे. असलेल्या गाठीवर ताणाच्या रसायनांचा परिणाम होणं आणि ताणाने नवा कॅन्सर उगवणं, या दोन गोष्टी निराळ्या. पहिलीला प्राण्यांमध्ये चांगला पुरावा आहे. २००६ मध्ये अनिल सूद यांच्या गटाने बीजकोशाच्या कॅन्सरच्या उंदरांना दीर्घ ताण दिला तर गाठी वाढल्या, आणि प्रोप्रॅनोलॉल हे अॅड्रिनॅलिनला अडवणारं औषध दिल्यावर तो परिणाम पुसला गेला. दुसरीबद्दल सांगायचं तर युरोपातल्या सुमारे १ लाख १६ हजार माणसांच्या नोंदी एकत्र तपासल्या, आणि कामाच्या ताणाचा फुप्फुस, स्तन, मोठं आतडं, प्रोस्टेट यांच्या कॅन्सरशी संबंध सापडला नाही. ताण घात करतो तो बहुधा आडवाटेने : माणूस तंबाखूची पुडी जवळ करतो, व्रण दिसला तरी ‘आधी कोर्टाची तारीख होऊ दे’ म्हणतो. रुग्णाला मात्र ‘तू फार विचार करतोस म्हणून तुला हे झालं’ असं कधी बोलू नका. आजारी माणसावर गुन्हेगारीचा शिक्का कशाला?

प्रोप्रॅनोलॉल स्वतःहून सुरू करू नका, हे वेगळं सांगावं लागतं, कारण ही गोळी स्वस्त आहे आणि इंटरनेटवर तिचं कौतुक फार. दम्याच्या माणसाचा श्वास अडकू शकतो, मधुमेह्याची साखर घसरली तरी धडधड होत नाही आणि कळत नाही. ऑपरेशनच्या आसपासचे काही दिवस ती देऊन बघण्याच्या माणसांवरच्या छोट्या चाचण्यांत गाठीतल्या खुणा सुधारलेल्या दिसल्या. आयुष्य वाढतं का, हे त्यातून ठरत नाही.

या सगळ्यात आपल्या अंगणातली एक गोष्ट आहे, आणि ती उंदरांची नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या ११ केंद्रांत स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १६०० स्त्रियांवर चाचणी केली. निम्म्या जणींना गाठ काढण्याच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं, दात काढताना टोचतात तेच. पाच वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्के झालं. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. कल्पना अशी की लिग्नोकेन नसेतल्या सोडियमच्या वाहिन्या बंद करतं, आणि तशाच वाहिन्या कॅन्सरच्या पेशींवरही असतात, हालचालीला त्यांना उपयोगी पडतात. ऑपरेशनच्या धक्काबुक्कीत निसटू पाहणाऱ्या पेशींचे पाय बांधायचे. चाचणीत दुसऱ्या गटाला खोटं इंजेक्शन दिलं नव्हतं आणि फायदा नेमका याच कारणाने झाला हे चाचणीने सिद्ध केलं नाही, हे टीकाकारांचं म्हणणं बरोबर आहे. तरी इतक्या थोड्या खर्चात इतका फरक दाखवणारं मी दुसरं फारसं पाहिलेलं नाही. हा निष्कर्ष स्तनाचा आहे. जिभेला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

शेवटी उपचारांनी नसांचं काय होतं ते, कारण पुढचं वर्षभर तुम्हाला घरात हेच दिसणार आहे. मानेचं ऑपरेशन झालंय, तेव्हा कानाची पाळी बधिर असेल. बायकांची कुडी पडून जाते आणि पत्ता लागत नाही, पुरुषांना दाढी करताना कापलेलं कळत नाही. काही महिने इलेक्ट्रिक रेझर वापरा. खांदा उचलणारी अ‍ॅक्सेसरी नस आम्ही वाचवतो, पण हाताळलेली नस रुसते. शर्ट काढताना हात डोक्यावर जात नसेल तर ‘जाईल हळूहळू’ म्हणून सोडू नका, फिजिओथेरपी लगेच लावा, नाहीतर सांधा आखडून बसतो. कधी पुढे केमोची वेळ आलीच तर सिस्प्लॅटिनने हातापायांना मुंग्या येतात, कानात शिट्टी वाजते, आणि औषध थांबल्यावरही काही महिने हे वाढत राहू शकतं. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या दुसऱ्या औषधावरचा एक रुग्ण मला म्हणाला, ‘डॉक्टर, चप्पल वाटेत निसटली, घरी आल्यावर बायकोने सांगितलं.’ मुंग्यांची वेदना फार असेल तर ड्युलोक्सेटिन या गोळीला पुरावा आहे. दुकानातून ‘नसांचं टॉनिक’ मात्र आणू नका. त्यातल्या असेटिल-एल-कार्निटिनने केमोच्या मुंग्या उलट वाढल्याचं एका मोठ्या चाचणीत दिसलंय, आणि बी६ जास्त झालं तर तेच नसा खराब करतं.

प्रश्न तुमचा नसला तरी इतर वाचणाऱ्यांसाठी एक : स्तन, प्रोस्टेट किंवा फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्या कुणाची पाठ नव्याने दुखू लागली आणि पाय लटपटायला लागले किंवा लघवी अडली, तर ती रात्र घरी काढू नका. मणक्यात मज्जारज्जू दबत असू शकतो. त्याच दिवशी एमआरआय लागतो. चालत आलेला माणूस उपचारांनंतर चालत राहण्याची शक्यता बरीच असते, पाय पूर्ण गेल्यावर आलेल्याची फार कमी.

पुढच्या भेटीला रिपोर्टची मूळ प्रत न्या आणि हे विचारा : नस केवढी होती, किती ठिकाणी, गाठ किती मिलिमीटर खोल होती, रेडिएशन कोणत्या तारखेला सुरू. आणि वडिलांचा तोच कान पुन्हा दुखायला लागला, किंवा ओठाच्या खाली, हनुवटीला बधिरपणा आला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.